मोड आणि मांडणी : जालना परिसरातील गृहसजावट व काटकसर

१

घराची सजावट आणि घरातील काटकसर हे दोन विषय सामान्यतः परस्परविरोधी समजले जातात. सजावट म्हणजे गरजेपलीकडचा खर्च आणि काटकसर म्हणजे गरजेच्या खर्चालाही घातलेला आळा, अशी ही समजूत आहे. विकत आणलेल्या वस्तूंनी घर भरण्याची चाल जेथे रूढ झाली तेथे ती खरीही ठरते. परंतु मराठवाड्यातील, विशेषतः जालना परिसरातील जुन्या घरांस ती लावून पाहिली असता टिकत नाही. त्या घरांत नजरेत भरणारी बहुतेक प्रत्येक वस्तू ही कशाची तरी शिल्लक असे. भिंतीलगतची उतरंड, फळीवरील पितळी डब्यांची ओळ, कोपऱ्यातील वाकळांची थप्पी ही घराची शोभा होती आणि तीच घराची गंगाजळीही होती.

हे समजून घेण्यास मराठी गृहिणीच्या तोंडचे दोन साधे शब्द उपयोगी पडतात. पहिला शब्द ‘मोड’. फुटके वा झिजलेले भांडे वजनावर दुकानदारास द्यावयाचे आणि त्याची रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करून घ्यावयाची, ह्यास मोड देणे म्हणतात. ह्या व्यवहारात घडणावळ बुडते. धातूचे मोल मात्र बहुतांशी शिल्लक राहते. दुसरा शब्द ‘मांडणी’. वस्तू नीट लावून ठेवण्याची क्रिया आणि ज्या फळीवर वा चौकटीवर भांडी लावतात ती वस्तू, ह्या दोहोंसही हा एकच शब्द आहे. मोड म्हणजे वस्तूचे मोल टिकविण्याची रीत आणि मांडणी म्हणजे ते टिकविलेले मोल दिसेल असे ठेवण्याची रीत. जुन्या घरातील सजावट ह्या दोन रीतींच्या संयोगातून झालेली आहे.

जालन्याच्या बाबतीत ह्या शब्दांस आणखी एक संदर्भ आहे. जालना औद्योगिक वसाहतीचा आजचा एक प्रमुख धंदा भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करण्याचा आहे. तांबट आणि गृहिणी ह्यांच्यामध्ये शेरा-अदशेराच्या मापाने जो व्यवहार चालत आला, तोच तेथे टनांच्या मापाने चालतो. घरातील मोडीपासून वसाहतीतील मोडीपर्यंतच्या ह्या वाटचालीत घराच्या हाती काय आले आणि हातातून काय गेले, ह्याचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

ह्या विषयाच्या अभ्यासात पुराव्याची एक मूलभूत अडचण आहे व ती प्रथमच ध्यानात घेणे इष्ट होय. आजच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील दानलेखांत तेथील रहिवाशांचा उल्लेख आलेला आहे. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा ह्या दोन विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते ह्यांनी तेथे उत्खनन केले. त्यात मणी, शंखाच्या वस्तू, मृद्भांडी अशा सामग्रीबरोबर एक खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिचे साम्य मराठवाड्यातीलच तेर येथील मूर्तीशी, आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेव्हा ह्या जातीची कारागिरी त्यापूर्वीच रोमन श्रीमंताच्या घरापर्यंत पोहोचली होती, हे उघड आहे.

ह्या शोधाचे महत्त्व निःसंशय मोठे आहे. पण गृहजीवनाच्या अभ्यासकास त्यातून एक इशाराही मिळतो. हस्तिदंताची मूर्ती उरली, कारण ती एकदा मोडली म्हणजे तिचे दुसरे काही होत नव्हते. ज्या वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग झाला तिचे अवशेष मागे राहत नाहीत. तांब्याची घागर वितळली, लुगड्याची वाकळ झाली, वाकळीचे पायपुसणे झाले व अखेर ते चुलीत गेले. तुळई नव्या घराला लागली. काटकसर जितकी पुरी, तितका तिचा पुरावा कमी. यास्तव उत्खननातून जे प्राचीन घर उभे राहते ते बरेचसे टाकून दिलेल्या आणि हरवलेल्या वस्तूंचे घर असते; राखलेल्या वस्तूंचे घर त्यात क्वचितच दिसते.

ह्याच्याही पुढची एक गोष्ट आहे. मराठवाड्यात शेतजमिनीस काळी आणि गावठाणास पांढर म्हणण्याचा प्रघात आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडावरील पांढरी माती भिंतींना व धाब्यांना उत्तम, म्हणून लोक ती खणून नेत आले. पूर्वजांच्या घरांचे ढिगारेच अशा रीतीने वंशजांच्या घरांचे सामान बनले. पुरातत्त्वज्ञास ही हानी वाटते व ती हानी आहेही. पण घराच्या बाजूने पाहिले तर तीसुद्धा एक प्रकारची मोडच होती.

३

जालना परिसरातील जुने घर माळवदाचे असे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचांचा वा फळ्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचे जाड धाबे, अशी त्याची रचना होती. घराचे माप खणांत सांगितले जाई. ऐपतदाराच्या वाड्यास ढाळज, चौक व ओसरी असत; साध्या कुणब्याचे घर दोन-तीन खणांचे असे. भिंती जाड असल्यामुळे त्यांतच कोनाडे, देवळ्या आणि धान्यासाठी बळदे काढता येत. लाकडी कपाट करण्याचा खर्च ह्यामुळे वाचे. कपाट, दिवठण आणि देव्हारा ह्या तिन्ही गोष्टी भिंतीच्या पोटातच मिळत आणि कोनाड्याच्या कमानीला काव किंवा चुना ह्यांची एक रेघ ओढली की भिंतीची शोभाही साधे.

जमीन शेणामातीने सारवणे, भिंती पांढऱ्या मातीने पोतारणे, चुलीला व ओट्याला काव देणे आणि दारात रांगोळी काढणे हा सजावटीचा नित्यक्रम होता. ह्यातील एकाही वस्तूस फारसे पैसे पडत नसत. परंतु ती फुकट होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. सारवण दर आठवड्यास, सणावारी तर अगत्याने करावे लागे. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पसरावी लागे. पोतारा दसरा-दिवाळीस नवा व्हावा लागे. ह्या श्रमांचा फार मोठा भाग घरातील स्त्रियांचा होता आणि त्याची नोंद कोणत्याही खातेवहीत झाली नाही. जुन्या काटकसरीचे गुणगान करताना हा न मांडलेला खर्च विसरला जातो.

अंथरुणांची गोष्टही अशीच. जुनी लुगडी, धोतरे व अंगरखे ह्यांचे तुकडे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ ही थंडीतील गरज होती. चिंध्या कोणत्या रंगाच्या मिळतील हे शिवणारीच्या हाती नसे. त्या कशा जुळवाव्यात हे मात्र सर्वस्वी तिच्या हाती असे. उन्हात वाळवून घडी घातलेल्या वाकळांची थप्पी पाहुण्यास सहज दिसेल अशी ठेवली जाई. घरात किती माणसांची निजण्याची सोय होते, हे त्या थप्पीवरून कळे.

सजावट आणि शिल्लक ह्यांचे ऐक्य सर्वांत स्पष्ट दिसते ते भाद्रपदातील गौरींच्या सणात, ज्यांस मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा सण आहे. धान्याने भरलेल्या कोठ्या वा मडकी रचून त्यांस घरातील उत्तम लुगडी नेसवितात, वर मुखवटे बसवितात, भोवती धान्याच्या राशी, फराळाचे जिन्नस आणि ठेवणीतील भांडी मांडतात. वर्षातील सर्वांत थाटाची ही आरास; पण तिसऱ्या दिवशी लुगडी पेटीत, धान्य कणगीत आणि भांडी फळीवर परत जातात. मुखवटे पुढील वर्षासाठी बांधून ठेवले जातात. घराच्या शिलकीची ही वार्षिक मोजदादच म्हणता येईल. ती देवतेच्या साक्षीने होते, इतकेच.

४

घरातील धातूचे स्थान ह्याहून वेगळे होते. माती आणि चिंध्या ह्यांना घराबाहेर किंमत नव्हती, तांब्यापितळेस होती. लग्नात मुलीबरोबर आलेली भांडी ही तिच्या संसाराची सामग्री असे आणि अडीअडचणीस गहाण टाकण्याची वा मोडण्याची ठेवही असे. १८७६–७८ च्या दुष्काळात शेजारच्या मुंबई इलाख्यातून रुप्याचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत आल्याची माहिती मिळते. चांदी टांकसाळीत गेली. भांडी गावच्या सावकाराकडे आणि तांबटाकडे गेली असणार, असे अनुमान करणे वावगे नाही. फळीवरची ओळ विरळ झाली की घर अडचणीत आहे हे शेजारणीस न सांगता समजे.

ह्या धातूभोवती लहान लहान धंद्यांचे एक जाळे उभे होते. कल्हईवाला नवसागर व कथील ह्यांच्या साहाय्याने पितळेच्या आतील बाजूस पांढरा मुलामा देई. त्यामुळे आंबट पदार्थ कळकत नसत आणि भांड्याचे आयुष्य वाढे. बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देई. हा व्यवहार ध्यानात घेण्यासारखा आहे. कारण त्यात कापडाची शिल्लक धातूच्या शिलकीत बदलता येई आणि रोख पैसा मध्ये लागत नसे. ज्या घरात नगद नाणे सुगीनंतरच दिसे, त्या घराच्या दृष्टीने ही सोय फार मोठी होती.

अभ्यासकाच्या दृष्टीने ह्या भांड्यांचे आणखी एक महत्त्व आहे. भांड्यावर टोचून नाव घालण्याची मराठी कुटुंबांत सर्वत्र रूढी आहे. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, क्वचित गाव, प्रसंग आणि तारीख एवढा मजकूर हंड्याच्या गळ्यावर वा ताटाच्या काठावर आढळतो. ज्या स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर किंवा दुकानाच्या वहीत आली नाहीत त्यांची नावे येथे मिळतात. एका दृष्टीने ही भांडी म्हणजे घराचे दप्तर होय. पण मोड देताना प्रथम तेच दप्तर वितळते.

जालना शहराच्या व्यापारामुळे ह्या घरगुती व्यवस्थेत बाहेरच्या वस्तू बऱ्याच लवकर आल्या. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण शहराच्या जुन्या संपन्नतेची साक्ष देते. निजामाच्या राज्यातील हे बाजाराचे ठिकाण होते. एकोणिसाव्या शतकात तेथे इंग्रजी फौजेची छावणी होती. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग आला आणि कापसाच्या व्यापारास व सरकी काढण्याच्या कारखान्यांस बळ मिळाले. ह्याच मार्गाने पन्हळी पत्रा आला, रॉकेलचे डबे आले. रिकामा झालेला डबा घराने फेकला नाही. त्याला झाकण व कडी लावून धान्याची कोठी केली. तो कापून, ठोकून सपाट केला तर न्हाणीच्या दाराला पत्रा झाला. पुढे ॲल्युमिनियमची भांडी आली. खेडोपाडी त्यांस ‘जर्मन’ हे नाव पडले. ती हलकी व स्वस्त होती, त्यांस कल्हई लागत नव्हती. पण मोडीत त्यांना पितळेसारखी किंमतही येत नव्हती. त्यानंतर स्टेनलेस स्टील आले व त्याच्या चकाकीने फळीवरील ओळ पूर्वीहून अधिक उजळ दिसू लागली. भिंतीवर टांगलेल्या स्टीलच्या चौकटीस ‘मांडणी’ हे जुनेच नाव मिळाले. मांडणी राहिली; तिच्यामागची ठेव मात्र हलकी झाली. कल्हईवाल्याची हाक त्यानंतर गल्लीतून हळूहळू नाहीशी झाली, ह्यात नवल नाही.

मुद्रित वाङ्मय ह्या सर्व व्यवहाराविषयी फार थोडे बोलते. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांच्या १९१० च्या ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ ह्या प्रसिद्ध ग्रंथासारखी मराठी पुस्तके मुख्यत्वे शहरातील साक्षर गृहिणीसाठी होती. अमेरिकेत कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो ह्या भगिनींनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात कमी खर्चात बैठकीची खोली कशी सजवावी ह्याचे हिशेबासह विवेचन आहे. तेथील हिशेब बाजारातून काय आणावे येथून सुरू होतो. मराठवाड्यातील घराचा हिशेब घरात काय उरले आहे येथून सुरू होत असे. हा भेद ग्रंथांतून कळत नाही. तो वस्तूंतूनच वाचावा लागतो.

५

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६१ च्या अधिनियमान्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. जालना त्या वेळी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील तालुका होता; स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. महामंडळाची वसाहत शहराच्या पश्चिमेस औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) रस्त्यावर टप्प्याटप्प्याने वाढली आणि तीत पोलादाच्या धंद्याने जोर धरला. ह्या भागात लोहखनिज नाही, कोळसा नाही. असे असता येथे पोलाद उभे राहिले ते मुख्यतः भंगाराच्या बळावर.

कामाची पद्धत अशी आहे. निवडलेले भंगार विजेच्या प्रवर्तन-भट्टीत सुमारे १,६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वितळवितात. त्याच्या लांबट लगडी ओततात. त्या रोलिंग मिलच्या रुळांतून पुन्हापुन्हा काढून सळ्या करतात. आणि निघालेली तप्त सळई पाण्याच्या फवाऱ्याने एकदम निववून तिचा बाहेरील थर कठीण करतात. भंगाराची निवड हे ह्यातील अत्यंत जोखमीचे काम आहे. तोंड बंद असलेले नळकांडे किंवा ओल धरलेला तुकडा भट्टीत गेला तर स्फोट होतो. तांबटाच्या दुकानात गृहिणीचे भांडे वाजवून व घासून पाहिले जाई ते खोटेपणा टाळण्यासाठी. येथे निवड चुकली तर कामगाराच्या जिवावर बेतते. बिहार, उत्तर प्रदेश इत्यादी प्रांतांतून आलेले मजूर ह्या भट्ट्यांपुढे मोठ्या संख्येने उभे असतात, हेही नोंदविले पाहिजे.

ह्या सळईने घराचे स्वरूप पालटले. माळवदाच्या जागी सिमेंटची स्लॅब आली. भिंती पातळ झाल्या, त्यामुळे कोनाडे व बळदे गेली आणि कपाट विकत घ्यावे लागले. फरशी आली व सारवण थांबले. तयार रंग आला व पोतारा संपला. मोडलेल्या वाड्यांतील नक्षीदार खांब व दारे व्यापाऱ्यांनी नेली; त्यांतील काही आता शहरांतील उपाहारगृहांची शोभा वाढवीत आहेत. जुन्या घराची दुरुस्ती घरातील माणसे करू शकत. गळणाऱ्या स्लॅबची दुरुस्ती त्यांच्या आवाक्यातील नाही. तुळई एका घरातून दुसऱ्या घरात जशीच्या तशी जाई. स्लॅबमधील सळई परत मिळवावयाची तर काँक्रीट फोडावे लागते, आणि ती पुन्हा वापरात यावयाची ती बहुधा भट्टीतूनच. मोड संपली नाही. ती घराच्या हातून निसटून वसाहतीच्या हाती गेली.

६

येथे थांबून जुन्याचा गौरव करणे सोपे आहे. परंतु इतिहास तसे करू देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील फार मोठ्या संख्येचा बळी मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या जड धाब्यांनी घेतला. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती पसरण्याच्या क्रमाने ही धाबी पिढ्यान्‌पिढ्या जाड होत गेली होती. अनेक ठिकाणी मातीचा थर ३० सेंटिमीटरहून पुष्कळच अधिक होता. प्रत्येक वर्षी केलेली दुरुस्ती स्वस्त होती, योग्यही होती. पण तिचे ओझे साठत होते आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते. भूकंपानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जालन्यास त्या आपत्तीची तशी झळ पोहोचली नाही. परंतु घराची घडण तीच असल्यामुळे माळवदाविषयीची भीती साऱ्या मराठवाड्यात पसरली आणि सळईची मागणी वाढण्यास तेही एक कारण झाले.

ह्या घटनेवरून काटकसरीच्या विचारास एक आवश्यक मर्यादा पडते. आजचा खर्च टाळून उद्याच्या माथी ओझे ठेवणे ही खरी बचत नव्हे. आणि घरातील एका व्यक्तीचे श्रम हिशेबात न धरल्याने जी रक्कम वाचल्यासारखी दिसते, तीही खरी बचत नव्हे. सारवणातून सुटलेल्या स्त्रीस फरशी ही सजावट वाटत नाही, तो विसावा वाटतो. उलटपक्षी, ज्या घरात जुन्या वस्तूपासून नवी करण्याची एकही वाट उरलेली नाही, त्या घराचे पैशावाचून क्षणभरही चालत नाही, हेही तितकेच खरे आहे. उत्पन्न अनियमित असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. अंबड, घनसावंगी ह्या भागांतील ऊसतोड कामगार वर्षातील कित्येक महिने घराबाहेर असतात. त्यांच्या संसारात उचलून नेता येईल तेवढीच मांडणी असते.

जुनी दृष्टी सर्वस्वी लोपली असे मात्र दिसत नाही. २०१२–१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यास टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले, तेव्हा रसायनांची रिकामी प्लास्टिकची पिंपे घरोघरी दारापुढे ओळीने लागली. रॉकेलच्या डब्याला जे स्थान मिळाले होते ते आता पिंपास मिळाले. ती पिंपे घासून स्वच्छ ठेवणे, त्यांवर झाकणे बसविणे, फुटक्या पिंपात तुळस वा गोडलिंब लावणे, ह्यांत उतरंडीच्या काळची मांडणीच पुन्हा प्रकट होते. वाकळाही शिवल्या जातात. त्यांत आता सुती लुगड्यांबरोबर कृत्रिम धाग्याच्या साड्या असतात.

ह्या सर्व विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा : जालना परिसरातील घराने शोभा आणि शिल्लक ह्यांस दीर्घकाळ एकाच वस्तूत नांदविले, मोड करण्याची शक्ती घराकडून उद्योगाकडे गेली तेव्हा त्या दोहोंची फारकत झाली, आणि ह्या फारकतीत सुरक्षितता व विसावा मिळाला, तसे स्वावलंबन व स्मृती गमावली. ह्यांतील सुरक्षितता सोडून देण्याचे कारण नाही. स्मृती मात्र अद्याप काही अंशी वाचविता येण्यासारखी आहे. विद्यापीठांतील इतिहास व गृहविज्ञान ह्या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी उभी असलेली माळवदे मोजून त्यांचे आराखडे काढावेत, वाकळ शिवणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडून तिची रीत लिहून घ्यावी आणि जुन्या भांड्यांवरील नावे, गावे व तारखा उतरून घ्याव्यात. ह्या कामास मोठा निधी लागत नाही. वही, मोजपट्टी आणि घरमालकिणीची अनुमती एवढे पुरे आहे. मोड देणे हा गृहिणीचा अधिकार आहे व तो कोणी नाकारू नये. भांडे तराजूत जाण्यापूर्वी त्यावरील अक्षरे वाचली जावीत, एवढीच इतिहासाची मागणी आहे.